आईत घोडा कुठून आला? चिनी लिपीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी शिकायला लागल्यापासून घरी, ऑफिसात, लग्नकार्यात मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. 'तू ती चित्रं लक्षात कशी ठेवतोस?' हा त्यातला पहिला. शेवटी उत्तरं एकदाची लिहून काढली. क्रम इतिहासाचा नाही, प्रश्न ज्या क्रमाने कानावर येतात तो आहे.

चिनी लिपी म्हणजे चित्रलिपीच ना?

नाही. पण हा समज का झाला ते कळतं. झाडाचं अक्षर 'मू': मधे उभं खोड, वर आडवी फांदी, खाली दोन्हीकडे पसरलेली मुळं. अशी दोन झाडं शेजारी काढली की 'लिन', म्हणजे राई. तीन काढली की 'सेन', म्हणजे दाट रान. झाडाला टेकलेला माणूस काढला की 'शिऊ', म्हणजे विसावा. शिकवायला सोपं आणि गोड. म्हणून प्रत्येक शिक्षक इथूनच सुरुवात करतो आणि शिकणाऱ्याला वाटतं, उरलेली हजारो अक्षरंही अशीच असणार.

ती तशी नाहीत. आजच्या अक्षरांपैकी ८०% हून जास्त अक्षरं दोन तुकड्यांची असतात. एक तुकडा अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चार सुचवतो. आईचं अक्षर घ्या. चिनीतही आईला 'मा' म्हणतात. अक्षरात डावीकडे 'बाई' आणि उजवीकडे चक्क 'घोडा'. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आईने चिनी माणसाचं काय वाकडं केलंय, असा प्रश्न पडला होता. पण घोड्यालाही 'मा'च म्हणतात, फक्त सूर वेगळा (चिनीत आवाजाचा चढउतार बदलला की शब्द बदलतो). इथे घोडा नुसता आवाज द्यायला उभा आहे. तोच घोडा किड्याशेजारी उभा राहिला की मुंगीच्या नावातला 'मा' होतो. दगडाशेजारी आला तर आकडा किंवा कोड. तोंडाशेजारी आला तर वाक्याच्या शेवटी लागणारा, आपल्या 'का?' सारखा प्रश्नार्थक 'मा'. आणि घोड्याच्या डोक्यावर दोन तोंडं काढली की शिव्या घालणं. पाचही ठिकाणी घोड्याचा घोडेपणाशी काही संबंध नाही.

मग चित्रातून आवाज कसा निघाला?

मराठीतच करून बघा. समजा आपल्याला लिपीच नाही, फक्त चित्रं काढता येतात. घर, बैल, हात हे काढून दाखवता येईल. पण सरकारला भरायचा 'कर' कसा काढाल? हातालाही 'कर' म्हणतात, तेव्हा हाताचं चित्र काढून भागवाल. मग वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ लागेल, हा हात की सरकारी पट्टी? तेव्हा हाताशेजारी एक नाणं काढाल. झालं, चिनी अक्षर तयार. हात उच्चारासाठी, नाणं अर्थासाठी.

चीनमध्ये नेमकं हेच घडलं. आज 'लाय' म्हणजे येणे, पण ते अक्षर मुळात लोंब्या लागलेल्या गव्हाच्या रोपाचं. दोन्ही शब्द कानाला सारखे लागायचे, म्हणून गहू 'येण्या'च्या कामाला जुंपला गेला. 'दहा हजार' या अर्थाचं 'वान' म्हणजे नांगी उचललेला विंचू. 'स्वतः' या अर्थाचं अक्षर म्हणजे नाक, पण इथे सांधा आवाजाचा नाही, अर्थाचा. तिथले लोक 'मी' म्हणताना छातीऐवजी नाकाकडे बोट दाखवतात, ते पाहिलं की हे पटतं. पुढे खऱ्या नाकाला आपलं अक्षर परत हवं झालं, तेव्हा त्याच्याखाली उच्चाराचा एक तुकडा जोडून वेगळं अक्षर करावं लागलं.

सगळ्यात जुना पुरावा कोणता आणि त्यात लिहिलंय काय?

हनान प्रांतातल्या आनयांगजवळ शांग घराण्याची शेवटची राजधानी होती. तिथे सापडलेली कासवाची कवचं आणि बैलांच्या खांद्याची हाडं हा जुना आणि निर्विवाद पुरावा. काळ साधारण इ.स.पू. १२५० पासूनचा, वू डिंग या राजाचा.

त्यावर काय आहे हे सांगायला मराठीत तयार शब्द आहे: कौल. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात ना, तसाच हा राजाचा कौल. हाडाच्या मागच्या बाजूला खळगे कोरायचे, त्यात तापलेली काडी किंवा निखारा टेकवायचा. हाड तडकलं की पुढच्या बाजूला एक उभी भेग आणि तिला फुटलेली आडवी भेग उमटते. भेगेवरून राजा कौल सांगायचा. कौल लावण्याला चिनीत 'बू' म्हणतात. ते अक्षर आजही एक उभी रेघ आणि तिला एक छोटा फाटा असंच आहे, म्हणजे भेगेचंच रेखाटन. उच्चारही मूळचा हाड तडकण्याच्या आवाजावरून आला असावा असं म्हणतात. बऱ्याच कवचांवर एकच प्रश्न दोनदा कोरलेला असतो, उजवीकडे 'होईल' असा आणि डावीकडे 'होणार नाही' असा. उजवा कौल, डावा कौल हे आपल्याला समजावून सांगायला नको.

विषय घरगुतीही असतात. पाऊस पडेल का, शिकार मिळेल का, दाढ का दुखते, कुठल्या पूर्वजाचा कोप झालाय. वू डिंगची राणी फू हाव हिच्या बाळंतपणाचा एक कौल प्रसिद्ध आहे. प्रश्न: बाळंतपण शुभ होईल का? राजा भेग पाहून म्हणतो, अमुक दिवशी झालं तर शुभ, तमुक दिवशी झालं तर फारच शुभ. मग खाली निकालाची नोंद: तीन दहावडे आणि एक दिवस गेल्यावर बाळंत झाली. शुभ नाही. मुलगी झाली. (त्यांचा आठवडा दहा दिवसांचा होता.) तीन हजार वर्षांपूर्वीची ती ओळ वाचताना लिपीपेक्षा वाक्यच जास्त ओळखीचं वाटतं. ही फू हाव स्वतः फौजा घेऊन लढाईवर जायची. तिची न लुटलेली कबर १९७६ साली सापडली.

ती हाडं औषधाच्या दुकानात सापडली, हे खरं का?

अर्धं खरं. आनयांगच्या शेतकऱ्यांना नांगरताना हाडं मिळायची आणि ती 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधवाले विकत घ्यायचे, कुटून काढ्यात घालायला. १८९९ साली बेजिंगमधले विद्वान अधिकारी वांग यीरोंग यांना हिवतापावरच्या औषधाच्या पुडीत कोरलेली अक्षरं दिसली, अशी गोष्ट सांगतात. रंगतदार आहे, पण पुराणवस्तूंचे व्यापारीच ते तुकडे त्यांच्याकडे घेऊन आले, ही हकिकत जास्त पटते. मोल मात्र त्यांनीच ओळखलं. पुढच्याच वर्षी परदेशी फौजा बेजिंगमध्ये घुसल्या आणि वांगनी विहिरीत उडी घेऊन जीव दिला. त्यांचा संग्रह लिऊ अ या मित्राकडे गेला, त्याने १९०३ मध्ये ठसे छापले. पद्धतशीर उत्खनन १९२८ मध्ये सुरू झालं, आणि १९३६ मध्ये एकाच खड्ड्यातून १७,००० हून जास्त तुकडे निघाले. किती अक्षरं त्याआधी काढ्यात उकळून लोकांच्या पोटात गेली, याचा हिशेब नाही.

त्याआधी काहीच नव्हतं?

मातीच्या भांड्यांवर, कवचांवर सुट्या खुणा मिळतात. जियाहू इथल्या तर इ.स.पू. ६,००० च्याही आधीच्या. पण खूण म्हणजे लेखन नव्हे. कुंभाराने आपल्या मडक्यावर फुली मारली म्हणून तो साक्षर ठरत नाही. गंमत अशी की आनयांगची लिपी पहिल्याच दर्शनाला पूर्ण वयात आलेली दिसते, तिचं बालपण सापडत नाही. बहुधा ते बांबूवर गेलं आणि कुजलं.

दंतकथा हवी असेल तर तीही आहे. पीत सम्राटाचा लेखनिक छांगजिए याला चार डोळे होते. पक्ष्यांच्या पावलांचे ठसे बघून त्याने अक्षरं केली. त्या दिवशी आकाशातून धान्याचा पाऊस पडला आणि रात्री भुतं रडली. भुतं का रडली यावर चिनी पंडितांनी भरपूर शाई खर्च केली आहे.

जुना घोडा घोड्यासारखा दिसतो, आजचा का नाही?

कारण लिहायचं साहित्य बदलत गेलं. मला या सगळ्या विषयातला हाच भाग सर्वात आवडतो.

हाडावर सुरीने कोरायचं तर गोल फिरवता येत नाही, म्हणून रेघा सरळ, टोकदार. त्याच काळात आणि पुढे चौ घराण्यात काशाच्या भांड्यांवर लेख ओतले गेले. ओल्या मातीच्या साच्यात अक्षर हवं तसं वळवता येतं, त्यामुळे ती अक्षरं गुबगुबीत. तैपेईच्या संग्रहालयातल्या माव गोंग दिंग या तीन पायांच्या भांड्यावर जवळपास ५०० अक्षरं आहेत. राजाने सरदाराला दिलेली सनदच ती. आपल्याकडे अशा कामाला ताम्रपट असत, तिथे पातेलं.

पण रोजचं लिखाण झालं बांबूच्या पट्ट्यांवर, कुंचल्याने. पट्टी बोटाएवढी अरुंद, म्हणून अक्षरं एकाखाली एक. चिनी लिखाण वरून खाली का, याचं उत्तर इथे आहे. हाडांवरचे प्राणी बघा: घोडा, हत्ती, वाघ, कुत्रा सगळे मागच्या टोकावर उभे केलेले, तोंड वर, शेपूट खाली, पाय बाजूला हवेत. आडवा हत्ती अरुंद पट्टीत मावणार कसा? म्हणजे हाडं कोरली जात होती तेव्हाही पट्ट्या वापरात असणार. 'पुस्तक' या अर्थाचं 'त्स' हे अक्षर हाडांवरही सापडतं, आणि ते आहे दोरीने ओवलेल्या पट्ट्यांचं चित्र. पट्ट्या उरल्या नाहीत, त्यांचं चित्र उरलं.

सगळ्या चीनची लिपी एका सम्राटाने एक केली म्हणतात, ते कसं?

इ.स.पू. २२१ मध्ये छिन राज्याने बाकीची राज्यं जिंकली. तोवर प्रत्येक राज्यात अक्षरांची रूपं वेगळी झाली होती. पंतप्रधान ली सी याने छिनचं वळण प्रमाण ठरवलं, बाकीची बंद. या वळणाला मुद्रालिपी म्हणतात, कारण आजही शिक्क्यांवर ती दिसते. सगळ्या रेघा एका जाडीच्या, वळणदार, देखण्या. आणि लिहायला भयंकर सावकाश.

पुढची गोष्ट मराठी माणसाला लगेच कळावी. आपल्याकडे पोथीला बाळबोध आणि दप्तराला मोडी होती. कारकुनाला हात न उचलता भराभर लिहायचं असतं. छिनच्या कारकुनांनीही तेच केलं. गोलाई मोडून सरळ केली, दोन रेघांची एक केली आणि 'लीशू', म्हणजे कारकुनी वळण, तयार झालं. मोडीचं श्रेय जसं हेमाडपंतांना देतात तसं याचं श्रेय छंग म्याव नावाच्या तुरुंगातल्या कैद्याला देतात. दोन्ही गोष्टींवर मी सारखाच विश्वास ठेवतो. १९७५ साली हुबेई प्रांतात शी नावाच्या एका स्थानिक कायदे-अधिकाऱ्याची कबर सापडली, काळ इ.स.पू. २१७ च्या आसपासचा. त्याच्या अंगाभोवती १,१०० हून जास्त बांबूपट्ट्या ठेवलेल्या, सगळे कायदेकानू, आणि वळण कारकुनी. सम्राट शिळांवर मुद्रालिपी कोरवत होता, तेव्हाच त्याचं राज्य कारकुनी लिपीत चाललं होतं.

इथेच घोड्याचा घोडा राहिला नाही. पायांचे चार ठिपके झाले, अयाळीच्या आडव्या रेघा. हान काळात हेच वळण रुजलं. इ.स. १०५ मध्ये त्साय लुनने सुधारलेला कागद दरबारात सादर केला, आणि पुढच्या काही शतकांत आजचं ठाशीव 'काय्शू' वळण घडलं. त्यानंतर विसाव्या शतकापर्यंत छापील अक्षर फारसं बदललं नाही.

एकूण अक्षरं किती? सगळी यावी लागतात?

१७१६ च्या कांगशी शब्दकोशात ४७,०३५ आहेत. बहुतेक मेलेली: जुनी रूपं, कुणातरी माणसाचं नाव, एखाद्या पोथीत एकदाच आलेलं. चीन सरकारच्या २०१३ च्या प्रमाण यादीत ८,१०५ आहेत आणि त्यातली ३,५०० नेहमीची. साधारण २,५०० येत असली तर सामान्य मजकुरातली ९८% अक्षरं ओळखीची निघतात. उरलेल्या २% मध्येच नेमका बातमीचा मुद्दा असतो, हा माझा अनुभव.

वर्णमाला नाही, तर शब्दकोशात शब्द शोधायचा कसा?

अक्षरातला अर्थाचा तुकडा ओळखायचा, त्या तुकड्याच्या विभागात जायचं आणि उरलेल्या रेघा मोजायच्या. यातली विभागांची युक्ती शू शेन या विद्वानाची. इ.स. १०० मध्ये पूर्ण केलेल्या 'शुओवेन जिएझी' या कोशात त्याने ९,३५३ अक्षरं ५४० विभागांत बसवली. पुढे विभाग २१४ वर आले.

शू शेन थोर, पण त्याला हाडं माहीत नव्हती, ती जमिनीत होती. 'वेय', म्हणजे करणे, या अक्षराबद्दल त्याने लिहिलं की ही माकडीण आहे. हाडांवर पाहिलं तर हत्ती, आणि त्याच्या सोंडेला धरलेला हात. हत्तीकडून काम करून घेणं म्हणजे 'करणं'. तेव्हा हनानमध्ये हत्ती होते. शू शेनच्या काळापर्यंत तिथले हत्तीही गेले होते आणि अक्षरातला हत्तीही ओळखू येईनासा झाला होता.

आपल्यासारखी वर्णमाला त्यांनी घेतली का नाही?

विसाव्या शतकात खूप जणांनी घ्या म्हणून सांगितलं. लिपी अवघड, म्हणून देश निरक्षर, म्हणून देश मागे, असा युक्तिवाद होता. अडचण भाषेची आहे. चिनीत अक्षर म्हणजे एक उच्चार आणि बहुतेकदा एक अर्थ, आणि सारख्या उच्चाराचे शब्द ढिगाने. 'शि' असं नुसतं लिहिलं तर दहा, वेळ, असणे, खरं, खाणं, दगड, गोष्ट यातलं काय समजायचं? बोलताना सूर आणि जोडशब्द सांभाळून घेतात, पण जुनं ग्रंथलेखन नुसत्या उच्चारात लिहिलं तर कळणारच नाही.

१९५८ मध्ये रोमन अक्षरांची 'पिनयिन' पद्धत मंजूर झाली, पण उच्चार शिकवण्यापुरती. ती घडवणाऱ्यांतले प्रमुख चौ यौग्वांग २०१७ मध्ये वारले, वयाच्या १११ व्या वर्षी.

सोपी चिनी आणि जुनी चिनी, हा काय वाद आहे?

१९५६ पासून चीनने बऱ्याच अक्षरांच्या रेघा कमी केल्या. घोड्याच्या १० रेघांच्या ३ झाल्या. तैवान आणि हाँगकाँगने जुनी रूपं ठेवली, सिंगापूरने नवी घेतली. 'आय', म्हणजे प्रेम, यातून मधलं 'हृदय' काढून टाकलं, ही तक्रार तुम्ही ऐकालच. हृदयाशिवाय कसलं प्रेम, असं म्हणायला बरं वाटतं. पण बरीच 'नवी' रूपं जुन्या धावत्या हस्ताक्षरातून उचललेली आहेत. 'ढग' या अक्षराचं सोपं रूप तर मूळचं, वरचा 'पाऊस' नंतर चिकटवलेला. १९७७ मध्ये सरकारने आणखी एक कपात जाहीर केली. ती इतकी नकोशी झाली की १९८६ मध्ये मागे घ्यावी लागली.

भारताशी काही संबंध?

लिपीच्या आकाराशी नाही. तिच्या अभ्यासाशी मात्र आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृतचं उच्चारशास्त्र चीनला पोचलं, आणि तांग काळापासून चिनी पंडित आपले व्यंजनध्वनी घसा, जीभ, ओठ अशा स्थानांनुसार मांडू लागले. परंपरा याचं श्रेय शौवेन या भिक्षूला देते. त्या ३६ ध्वनींच्या मांडणीची सुरुवात होते ती चार अक्षरांनी, त्या काळच्या उच्चारात क, ख, ग, ङ. 'घ' तेवढा नाही, कारण तो त्यांच्या भाषेत नव्हता. जपानी काना अक्षरांचा अ-इ-उ-ए-ओ आणि क-स-त-न हा क्रमही याच वाटेने गेलेला.

आणि एक खास आपल्यासाठी. सातव्या शतकात ह्युएन त्संग पुलकेशी दुसरा राज्य करत असताना आपल्याकडे आला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. देशाचं नाव त्याने चार अक्षरांत बसवलं. आजच्या उच्चारात ती 'मो-ह-ला-छा' अशी वाचतात, तेव्हा तिसऱ्या अक्षराला शेवटी 'त' होता, म्हणजे ऐकायला 'मरहट्ठ'च्या बरंच जवळ. अक्षरांचा अर्थ लावायला गेलात तर 'घासणे, खडसावणे' असलं काहीतरी निघेल. तो लावायचा नसतो. आज महाराष्ट्राची सहा अक्षरं होतात, 'मा-हा-ला-शि-थ-ला', आणि त्यातलं पहिलं अक्षर पुन्हा आपला घोडाच. मुंबईचं होतं 'मंग-माय': थोरला आणि खरेदी. दादर मार्केटमध्ये उभं राहून बघा, हा अर्थ लावला तरी चालेल.

जपानी आणि कोरियन लिपी हीच ना?

जपानीत चिनी अक्षरं आहेत, शिवाय त्यांच्याच धावत्या आणि तुटक रूपांतून निघालेल्या दोन अक्षरमाला. कोरियाने १४४६ मध्ये स्वतःची वेगळी लिपी जाहीर केली. व्हिएतनाम आता रोमनमध्ये लिहितो.

मोबाईलवर टाइप कसं करतात?

पिनयिनमध्ये 'मा' टाइप केलं की आई, घोडा, शिवी, प्रश्नचिन्हाचा मा, सगळे रांगेत उभे राहतात. हवा तो निवडायचा. वाक्य पूर्ण टाइप केलं तर फोन बहुतेकदा बरोबर ओळखतो. याआधी तारेच्या काळात प्रत्येक अक्षराला चार आकडी नंबर होता आणि तारमास्तर पुस्तकात बघून आकडे पाठवायचा. आता नवीच पंचाईत आहे, वाचता येतं, टाइप करता येतं, पण हाताने लिहायला घेतलं की रेघा आठवत नाहीत. त्याला चिनीत म्हणच आहे: कुंचला उचलला, अक्षर विसरलं. मला हे आपल्या पिढीच्या फोन नंबरांसारखं वाटतं.

हाडांवरची सगळी अक्षरं वाचून झाली का?

नाही. वेगवेगळी अक्षरं साधारण ४,५०० मोजली आहेत, त्यातली एक तृतीयांशाच्या आसपासच खात्रीने वाचता येतात. काही वर्षांपूर्वी आनयांगच्या लिपी संग्रहालयाने जाहीर केलं की न वाचलेलं एक अक्षर पुराव्यानिशी वाचून दाखवा, १,००,००० युआन घेऊन जा. ऐकायला सोपं वाटतं. पण उरलेली बरीचशी अक्षरं माणसांची आणि गावांची नावं आहेत. कुणाच्या तरी कुळाचं, कुठल्यातरी नदीकाठच्या वस्तीचं नाव, एकदा कौलात आलं आणि परत कधी कुणी लिहिलंच नाही. गाव होतं एवढं कळतं, त्याला काय म्हणायचे ते सांगायला कुणी उरलेलं नाही.